काळं तेल

“परत पट्टा आवळ म्हणे! गिअरबॉक्सचा पट्टा आहे की पायजम्याची नाडी?” गाडीखालून भावजी पुटपुटले. मी शेजारीच स्टुलावर चिंध्या फाडत बसले होते, म्हणून मला ऐकू आलं. यांना नाही.

गाडी नर्सबाईंची. जुनी, इवलीशी, ऑटोमॅटिक. वरचा गिअर पडायच्या वेळी इंजिन नुसतं बोंबलायचं आणि गाडी ओढच घ्यायची नाही. बाईंचं इस्पितळ टेकडीवर, वाट सगळी चढाची.

या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच तेलावर चालतात, त्यामुळे तेल कायम काळं. रंगावरून काही कळत नाही. आतले क्लच जळलेत की नुसता पट्टा सैल झालाय, ते वासावरून ओळखायचं. आणि वास ओळखावा तर यांनीच. बाजारात यांना नाकमिस्त्रीच म्हणतात.

मघाशी यांनी तेलातली डिपस्टिक काढली, नाकाशी धरली, डोळे मिटले. “तेल ठीक आहे. पट्टाच आवळ,” म्हणाले आणि हात धुवायला मागे गेले.

मला स्टुलावर बसल्या जागी करपल्याचा वास येत होता.

हे मोठ्या तापातून उठले, तेव्हापासून असंच चाललंय. दूध उतू जाऊन जळतं, हे शेजारी पेपर वाचत बसतात. मी मुकाट्याने पातेलं घासते. गॅरेजात चुकलेलं काम भावजी मागाहून निस्तरतात. कोणी अवाक्षर काढत नाही. ज्या नाकावर घर चाललं, त्याला नावं कोण ठेवणार?

भावजींनी डोकं बाहेर काढलं. “वहिनी, हे गुपचूप निस्तरण्यातलं नाही. इंजिनासकट सगळं खाली उतरवावं लागेल. तुम्ही सांगा दादाला.”

“भाऊ तुमचा आहे.”

“नवरा तुमचा आहे.”

तेवढ्यात नर्सबाई आल्या, कामावर जायच्या घाईत. “मिस्त्री, चढावर दगा नाही ना देणार? मागे ट्रक असतात हो.”

“तेलाचा वास घेतलाय मी,” हात पुसत हे म्हणाले आणि किल्ली पुढे केली.

“मग झालं तर!”

भावजी पान्याकडे बघत राहिले. मी गुडघ्यावर हात टेकून उठले आणि किल्ली मध्येच काढून घेतली.

“आज बसने जा, बाई. क्लच जळलेत. दारापर्यंत वास येतोय.”

“काहीतरीच!” हे चिडले. “मग मला कसा नाही...”

बाई एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या. मी फार दमले होते.

“अहो,” मी म्हटलं, “तुम्हाला वास येत नाही.”