वाकडा अंतरा

टेपरेकॉर्डर शाळेत आला तेव्हा मुलींना वाटलं, शिवणाच्या तासासाठी नवं मशीन आलं. दिसायला तो होताही तसाच. करड्या रंगाची, मूठ लावलेली पेटी, आणि वजन असं की फाटकापासून गाण्याच्या वर्गापर्यंत नेताना शिपायाने ती वाटेत दोनदा खाली टेकवली. "हातात धरून कुठेही नेता येतो," असं ट्रेनिंग कॉलेजातल्या साहेबांनी ताराला सांगितलं होतं. साहेबांनी स्वतः तो कधी उचलला नसावा. अमरावतीच्या शाळांना तो पाळीपाळीने महिनाभर मिळायचा. सोबत फितीचं एकच रीळ, त्यामुळे नवं काही भरायचं तर जुन्यावर पाणी सोडावं लागे.

तारा म्हणजे गाण्याच्या बाई. नोकरी अजून कायम झालेली नव्हती, म्हणून शाळेत आवाज चढवायचा नाही, हे तिने स्वतःला बजावून ठेवलं होतं. पण यंत्र हाती आलं आणि बाई बदलल्याच. पहिल्याच तासाला तिने मुलींना एकेक ओळ गायला लावली आणि लगेच ऐकवली. वर्गात हलकल्लोळ!

"हा माहा आवाज नाही बाई!" शालू ओरडली. "पेटीत कोनी दुसरीच बसली!"

"तुझाच आहे. आणि निषाद उतरला आहे, तोही तुझाच."

"पुन्ना लावा बरं."

तिने पुन्हा लावलं. शालूने डोळे मिटून ऐकलं, ओठ चावला आणि म्हणाली, "हो, उतरला." गेलं वर्षभर तारा हेच कानीकपाळी ओरडत होती, तेव्हा तीच शालू तिच्याशी हुज्जत घालायची. आता बाईंनी चूक दाखवायची आणि पोरीने गाल फुगवायचे हा प्रकारच उरला नाही. आपली चूक ज्याची त्याला ऐकू येऊ लागली. शिकवण्यातलं याहून मोठं सुख दुसरं कोणतं असतं, हे ज्याने चाळीस पोरी एका बाजाच्या पेटीवर हाकल्या आहेत त्यालाच विचारावं.

शालू भातकुली गावची. घरच्यांनी छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, तेव्हा ती वडलांच्या खांद्यावर बसून होती म्हणे. आता बोर्डिंगात राहून शिकत होती. आवाज मोठा, मोकळा, शेताच्या या बांधावरून त्या बांधाला पोचेल असा. महिन्याअखेर अकोल्याला शाळांच्या गायनस्पर्धा होत्या, आणि वर्गाचं गाणं शालूने पुढे बसून म्हणायचं हे ठरलेलं होतं.

स्पर्धेआधी कुणा जाणकाराने मुलींना दोन शब्द सांगावेत, म्हणून मुख्याध्यापिका वच्छलाबाईंनी हरिहरबुवांना बोलावलं. बुवांचं नाव वऱ्हाडात मोठं. अकोल्याच्या स्पर्धेचे परीक्षकही तेच. आणि तारा त्यांची शिष्या. सहा वर्षं तिने त्यांच्या घरी तंबोरा धरला, पाणी भरलं, त्यांच्या आईचे पाय चेपले. भीमपलासातली एक चीज बुवांच्या घराण्याची खास ठेव. ती तिला शेवटच्या वर्षी मिळाली. स्थायी सुरेख बसली. अंतरा मात्र कधी रंगलाच नाही. गळ्यातून यायचा, पण कागदी फुलासारखा. बुवा मान हलवायचे, "तुझा गळा अंतऱ्याचा नाही, तारा. देवाने दिलं नाही, त्याला मी काय करणार?" एकदा अकोल्याच्या बैठकीत तिने धीर करून ती चीज गायली, तर पुढे बसलेले दोघे गवई एकमेकांकडे बघून हसले. त्या दिवसापासून ती बैठकीत गायली नाही. शाळेत सारेगम शिकवण्यापुरताच आपला गळा, असं तिने मनाशी धरलं.

बुवा दुपारी आले. यंत्र बघून त्यांनी नाक मुरडलं.

"हे काय खोकं?"

"बुवा, यात आवाज राहतो. तुमचं गाणं यात घेऊ का? मुलींना पुन्हा ऐकवता येईल."

"घे की. आवाज राहील गं, विद्या थोडीच राहते! ती या मुखातून त्या मुखात जाते, तीही लायकी बघून." बुवा हसले आणि गादीवर मांडी घालून बसले. समोर चाळीस पोरी. बुवांच्या लेखी ती चाळीस मडकी होती. मडक्यांपुढे काय लपवायचं? वेळ भीमपलासाची, पोटात वच्छलाबाईंकडची पुरणपोळी, गळा लागलेला. बुवांनी तीच चीज धरली आणि स्वतःच्या सुखासाठी गायले.

अंतरा आला आणि साथीच्या पेटीवरची ताराची बोटं अडखळली. हा अंतरा तिच्याकडचा नव्हता! तिला शिकवलेला अंतरा मुकाट्याने पंचमावरून निषादाला आणि तिथून तार षड्जाला जायचा. हा निषादावर थबकला, धैवतावरून घसरत परत पंचमावर आला, आता बसतोय असं वाटलं तोच उडी घेऊन थेट षड्जावर उभा राहिला. शब्द तेच होते, पण ऐकताना अंगावर काटा आला.

गाणं झाल्यावर तिने भीत भीत विचारलं, "बुवा, अंतरा आज वेगळा घेतलात?"

"छे. तोच. तुझ्या ऐकण्यात चूक झाली."

आजवर एवढं पुरायचं. बुवा म्हणाले चूक, म्हणजे चूक. पण बुवा गेल्यावर ताराने रीळ मागे फिरवलं. एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं. मग बाजाची पेटी उघडून आपला अंतरा वाजवला आणि पुन्हा बुवांचा ऐकला. चूक तिच्या कानात नव्हती, गळ्यातही नव्हती. तिला अंतराच वाकडा दिला होता, जाणूनबुजून, मोडता घालून, ठेव घराबाहेर जाऊ नये म्हणून. जुने गवई परक्याला असं करतात हे तिने ऐकलं होतं. आपणच ते परके, हे मात्र कधी मनात आलं नव्हतं. तिने गादीवर बसून भडाभडा रडून घेतलं. रडणं संपलं तेव्हा त्याची जागा रागाने घेतली होती, आणि असा राग तिला आयुष्यात पहिल्यांदा आला होता.

दुसऱ्या दिवशी ती वर्गात म्हणाली, "अकोल्याला आपण ही चीज म्हणायची. अंतऱ्यासकट."

पोरींनी फीत ऐकून ऐकून त्या अंतऱ्याचा पिच्छा पुरवला. एकीला जागा सापडली नाही की दुसरी रीळ मागे फिरवायची. मधल्या सुट्टीत डबे उघडे, तोंडात पोळी, आणि भिंतीला टेकून भीमपलास. ताराही त्यांच्यातच बसून शिकली. शालूच्या गळ्यात तो सगळ्यात आधी बसला. तिच्या गळ्याला उडीचं भय नव्हतं.

अशी गोष्ट दडून राहते होय? एके दिवशी बुवा शाळेजवळच्या रस्त्याने जात होते, त्यांच्या कानावर खिडकीतून आपला अंतरा पडला. बुवांच्या अंगाचा तिळपापड झाला. ते तडक वच्छलाबाईंच्या खोलीत शिरले आणि ताराला बोलावणं आलं.

"ताराबाई," वच्छलाबाई म्हणाल्या, "बुवांचं गाणं त्या फितीवरून पुसून टाका. आत्ता, त्यांच्या देखत. उगीच वाद नको. तुमची नोकरी अजून कच्ची आहे, हे मी वेगळं सांगायला नको."

"मी विचारून घेतलं होतं बाई. बुवा 'घे' म्हणाले होते."

"मला काय ठाऊक तू चोरी करशील!" बुवा कडाडले. "पिढ्यान् पिढ्या जपलेली चीज. माझ्या थोरल्यालाही मी ती दहा वर्षं राबवून दिली. आणि तू ती वाटतेस कोणाला? त्या भातकुलीच्या पोरीला? उद्या कुठल्या वस्तीत, कुठल्या मिरवणुकीत वाजेल!"

ताराने यंत्र तिथे आणवून लावलं, रीळ मागे फिरवलं आणि रेकॉर्डचं बटण दाबलं. माइकपुढे कोणीच बोललं नाही. फिरत्या रिळावर बुवांचा भीमपलास पुसला जात होता, आणि बुवा शेवटच्या इंचापर्यंत पहारा देत उभे होते.

"झालं समाधान?" तारा म्हणाली. "पण शिकवलेलं मी मागे घेणार नाही. अकोल्याला मुली हाच अंतरा म्हणणार."

"परीक्षक मी आहे, विसरू नकोस. अंतरा म्हटला तर शून्य देईन."

"द्या. आणि मला दिलात तो वाकडा होता, बुवा. ते मी ऐकलंय."

वच्छलाबाईंनी तिला नजरेनेच दार दाखवलं. शाळेचं नाव स्पर्धेत आधीच गेलं होतं, म्हणून अकोल्याला जाणं तेवढं रद्द झालं नाही.

तिने पोरींपुढे सगळं खरं ते सांगितलं. अंतरा गाळला तर बक्षिसाची आशा, म्हटला तर शून्य. बाईंची नोकरीही जाईल, पण ती काळजी बाईंची. शालूने कोणालाच बोलू दिलं नाही.

"शून्य देऊन राह्यले त देऊ द्या बाई. मले काहून अर्धं गानं म्हनाले लावता?"

अकोल्याच्या सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. परीक्षकांच्या टेबलावर पितळी घंटा. घंटा वाजली की गाणं थांबवायचं, हा तिथला नियम. आजवर कुणी मोडला नव्हता. पेटीवर तारा, तबल्यावर तिथलाच एक तबलजी, पुढे शालू, मागे सगळ्या पोरी. स्थायी अशी लागली की मागच्या बाकांवरची कुजबुज थांबली. शालूने श्वास घेतला, आणि त्याच क्षणी बुवांनी घंटा मारली. वेळ संपायला अजून कितीतरी अवकाश होता. तबलजीने हात उचलले.

शालू उठली नाही.

"बुवा, अंतरा राह्यला," ती म्हणाली.

बुवांनी पुन्हा घंटा मारली. ताराने पेटीचा भाता ओढला आणि पंचम धरला. एवढंच तिला करता येत होतं, आणि तेवढं तिने केलं. घंटा ठणठणत राहिली, आणि शालू ठेक्याविना, मान ताठ करून गायली. निषादावर थबकली, पंचमावर उतरली आणि उडी घेऊन षड्जावर उभी राहिली. मागून पोरी तिला जाऊन मिळाल्या. घंटा कोणाला ऐकूच येईना. मग बुवांनीच हात खाली घेतला.

शून्य मिळालं. बुवांनी ते सगळ्यांपुढे मोठ्यांदा वाचून दाखवलं. पोरी ते ऐकून खाली मान घालतील असं त्यांना वाटलं असावं. पोरी टाळ्या वाजवू लागल्या.

बाहेर व्हरांड्यात तारा वाद्यं बांधत होती, तेव्हा बाळापूरच्या शाळेतल्या गाण्याच्या बाई सुंदराबाई संकोचत तिच्याजवळ आल्या. "बाई, रागावू नका. तो अंतरा... मले सांगसान का? घराण्याचा आहे म्हन्तेत, द्यायचा नसला त राहू द्या."

"द्यायचा आहे," तारा म्हणाली. तिने बांधलेली पेटी पुन्हा सोडली, जमिनीवर बसली आणि तिथेच, येत्याजात्या माणसांच्या पायांत, ओळ सांगू लागली. दोन बायका आणखी थांबल्या. कुणा शाळेचे एक मास्तरही टेकले. सुंदराबाई ओळ म्हणत होत्या, पण धैवतावर आल्या की तिथेच रेंगाळत होत्या. पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच.

हरिहरबुवा सभागृहातून बाहेर पडत होते. वाट तीच होती. ते तोंड फिरवून पुढे निघाले. सुंदराबाई परत धैवतावर रेंगाळल्या आणि बुवांचे पाय अडले. एक पाऊल पुढे गेले, परत वळले, आणि राहवेना म्हणून ओरडलेच, "अहो, धैवतावर उभ्या काय राहता! पायरी आहे ती, ओटा नाही! अशी घ्या." आणि त्यांनी ओळ घेऊन दाखवली. निषाद, धैवताची घसरण, पंचम, उडी. सगळी, सरळ, मोडता न घालता. सुंदराबाईंना ती त्या क्षणी समजली.

मग बुवांच्या लक्षात आलं आपण काय केलं ते.

तारा बसल्या जागेवरून त्यांच्याकडे बघत होती. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज जराही हलला नाही.

"इतकं सोपं होतं, बुवा?" ती म्हणाली. "मग मी इतकी वर्षं माझ्या गळ्याला शिव्या का देत होते?"

उपरणं सावरत बुवा जिन्याकडे निघाले. ताराने त्यांना जाऊ दिलं. सुंदराबाईंच्या मागे आता बरीच माणसं येऊन बसली होती. तिने पेटी पुढे ओढली आणि आपल्या मोकळ्या गळ्याने, बुवांना जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा, अंतरा पहिल्यापासून सांगायला घेतला.