सुकरामच्या नावापुढे वाजलेला ढोल

मी एक जुना ढोल आहे. म्हसावदजवळच्या एका पाड्यावर रूपसिंगने सागाचे खोड पोखरून, त्यावर बकऱ्याचे कातडे ताणून मला घडवले. मित्रांनो, खोटी नम्रता मला जमत नाही. होळीला मी घुमू लागलो की शेजारच्या पाड्यांवरची म्हातारी माणसेसुद्धा नाचायला धावत!

पण रूपसिंगचा मुलगा सुकराम महायुद्धात पडला आणि मी मुका झालो. आमच्याकडे मेलेल्याचा दगड उभारून त्याला शेंदूर लावतात आणि पुढे ढोल वाजवतात. त्याशिवाय त्याचा जीव शांत होत नाही. सुकरामचे नाव मात्र दूर उत्तरेला, तो जिथे शिकला त्या जुन्या सैनिकी शाळेतल्या स्मारकाच्या दगडावर कोरले होते. म्हणून लढाई संपल्यावर रूपसिंग आणि त्याची बायको गंगीबाई मला घेऊन नंदुरबारला रेल्वेत बसले.

केवढी ती शाळा! तोफा काय, कमानी काय, जुन्या वीरांचे चौथरे काय! पण तिथल्या ओलसर थंडीने माझे कातडे सैल पडले होते, आणि ढोल शेकल्याशिवाय वाजत नाही. रूपसिंगने सरळ स्मारकापुढच्या हिरवळीवर पालापाचोळा पेटवला! पहारेकरी ओरडत धावला. त्याने बुटाने आग विझवली आणि मला उचलून फाटकाकडे नेऊ लागला.

गंगीबाई त्याला आडवी झाली आणि नावांच्या दगडाकडे बोट दाखवून म्हणाली, "मन्हा पोर्‍या आठे शे. ढोल वाजल्याबिगर मी जास नही!"

गलका ऐकून तिथले मोठे साहेब आले.

"लडके का नाम?" त्यांनी विचारले.

"सुकराम."

साहेबांनी दगडावरच्या एका नावावर बोट ठेवले. गंगीबाईने तिथे शेंदूर लावला. मग खालच्या नावाला लावला, वरच्याला लावला, सगळ्यांनाच लावला.

"या बी कोन्या तरी मायना पोरे शेतस," ती म्हणाली.

साहेबांनी टोपी काढली आणि पहारेकऱ्याला सांगितले, "आग जलाओ."

मग काय विचारता! मी असा गरजलो की कवायत करणारी पोरे धावत आली, रांगेत उभी राहिली आणि त्यांनी खाडकन सलामी ठोकली. रूपसिंग रडत होता आणि नाचतही होता. उभ्या आयुष्यात मी इतका कधी वाजलो नाही!

मित्रांनो, असे स्मारक पाहायला गेलात तर नुसते हिंडून परत येऊ नका. तिथले एक तरी नाव मोठ्याने वाचा. त्या पोराची आई तिथवर पोहोचली नसेल.