काळा दगड, गुलाबी दगड

या, जरा पुढे सरकून बसा. देवाचं नाव घेऊन एका साध्या माणसाची गोष्ट सांगतो. सुखाची नाही, पण ऐकून घ्या.

"दादा, कॉलेजात जन्मभर दगड कापलेस ना? मग एवढं सांग," बहीण म्हणाली. "नदी पुढे जाते, ओढा पुढे जातो. समुद्राचं पाणीच एका जागी का बसून राहतं?"

तिच्यापुढे कचेरीतून तिसऱ्यांदा आलेला कागद होता. तिचा नवरा समुद्राची खोली मोजणाऱ्या जहाजावर आचारी होता. जहाज बुडून सात वर्षं झाली. 'तो गेला, हे मला मान्य आहे' याखाली तिची सही हवी होती. ती म्हणायची, पाणी कुठेतरी जातच असेल, काठाला आणून सोडेल त्याला.

दादाला सगळे दगडोबा म्हणत. सूक्ष्मदर्शकाखाली पाहता याव्यात म्हणून दगडाच्या चकत्या घासून कागदासारख्या पातळ करायच्या, हे त्याचं काम. प्राध्यापक थट्टा करत, "काय दगडोबा, बोलतात का दगड?"

"बोलत नाहीत साहेब. म्हणून तर खोटंही बोलत नाहीत."

आज त्याला फक्त 'येईल गं' एवढंच म्हणायचं होतं. जीभ उचलेना.

त्याने पिशवीतून एकाच मापाचे कापलेले दोन तुकडे काढले आणि तिच्या तळहातांवर ठेवले.

"कुठला जड?"

"काळा. पण उगीच जरासा."

"जरासाच. काळा दहा भरला तर गुलाबी नऊ. जमीन अशा हलक्या दगडाची, आणि जाडही पुष्कळ. खाली खोलवरचा खडक इतका तापलेला, की लाखो वर्षांत मळलेल्या पिठासारखा दबतो. त्यावर जमीन तरंगून वर राहिली. समुद्राचा तळ ह्या काळ्याचा. पातळ, पण जड. तो खाली बसला, खळगा झाला. पाणी बिचारं उतार दिसेल तिकडे जातं."

"आणि तिथून पुढे?"

तो पिशवीची नाडी आवळू लागला.

"दादा, पुढे?"

"पुढे उतारच नाही गं. सगळ्यात खालची जागा तीच."

"लाटा येतात की काठाला."

"लाटा वरवरच्या. तळाला गेलेलं तळालाच."

तिने काळा तुकडा बराच वेळ हातात तोलला.

"एवढ्याशा फरकापायी एवढा समुद्र? देवाला जरा सारखं करता आलं नसतं?"

मी आजवर इतकी कीर्तनं ऐकली, पण हा प्रश्न कुठल्याच बुवांनी घेतला नाही. दादाने तिच्या दुसऱ्या हातातला गुलाबी तुकडा काढून घेतला.

तिने सही केली. वळणदार, नवऱ्याच्या नावासकट. मग उठून म्हणाली, "बस, चहा टाकते."

आतून भांड्याचा आवाज आला, पाणी ओतल्याचा आला. काडी ओढल्याचा काही आला नाही. तो वाट पाहत राहिला. उठून आत जायचा धीर त्याला झाला नाही.

मंडळी, कधी समुद्रापुढे उभे राहाल, हात आपोआप जोडले जातील. तेव्हा काडी हातात धरून थिजलेल्या त्या बाईची एकदा आठवण काढा. एवढंच मागणं आहे.