लिफ्टच्या दाराचं माप

प्रयोगशाळेचा मोठा फ्रीजर ट्रकमधून उतरला आणि नव्या इमारतीच्या लिफ्टसमोर येऊन अडला. हमालांनी तो या अंगाने, त्या अंगाने फिरवून पाहिला. लिफ्टचं दार चांगलं वीतभर अरुंद होतं.

वहिनींनी घड्याळ पाहिलं. सामान हलवून देण्याचा हा धंदा त्यांच्या धाकट्या दिराने उभा केलेला. ऑफिस मात्र वर्षभर त्याच सांभाळत होत्या. दीर माणूस लाखातला, पण कामाचा सगळा आराखडा त्याच्या डोक्यात. कागदावर काही उतरवायचं म्हटलं की त्याच्या कपाळाला आठ्या. परवाच वहिनींनी विचारलं होतं, लिफ्टचं माप घेतलंय ना? तर म्हणाला, सगळं झालंय, तुम्ही उगाच जिवाला घोर लावून घेता. माप घेतलं होतं ते इमारतीच्या दाराचं. लिफ्टचं त्याने फोनवर विचारलं होतं आणि पलीकडून कुणीतरी ‘मोठी आहे की’ म्हणालं होतं.

फ्रीजरमध्ये अडीचशे रुग्णांच्या रक्ताचे नमुने होते. वीज काढल्यापासून तीन तासांत तो पुन्हा सुरू झालाच पाहिजे, असं प्रयोगशाळेच्या डॉक्टरीणबाईंनी दोनदा बजावलं होतं. त्यातले दोन तास वाटेतच गेले होते.

दिराने बाह्या सरसावल्या. चार मजले तर आहेत, जिन्याने चढवू म्हणाला. मुकादम जिना बघून आला आणि त्याने मान हलवली. वळणावर फ्रीजर आडवा करावा लागणार, आणि आडवा केला की आतल्या नमुन्यांच्या नळ्यांचं काही खरं नाही.

“बाईंना एवढ्यात कळवू नका,” दीर हळूच म्हणाला. “आधी काहीतरी करू.”

वहिनींनी तोवर फोन लावला होता. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. माप घ्यायचं राहिलं, चूक आमची, असं सरळ सांगितलं.  बाईंनी एवढंच विचारलं, किती वेळ उरलाय?

“चाळीस मिनिटं.”

तळमजल्यावर चष्म्यांचं दुकान होतं. वहिनी तशाच आत शिरल्या आणि दुकानदारापुढे अक्षरशः हात जोडले. त्या भल्या माणसाने एसी बंद करून त्याचा जाड पिनेचा प्लगपॉइंट मोकळा करून दिला. चष्म्यांच्या कपाटांमध्ये ते फ्रीजरचं धूड घरघरू लागलं. तापमानाचा काटा आधी हलेचना. वहिनी त्याच्यासमोर उभ्या राहिल्या, पापणी न लववता. डॉक्टरीणबाई धापा टाकत पोचल्या तेव्हा कुठे काटा जरासा खाली सरकला.

नमुने बाईंनी सोबत आणलेल्या बर्फाच्या डब्यांतून वर नेले. एकही वाया गेला नाही. रिकामा फ्रीजर दार उतरवून, आडवा करून जिन्याने चढवला. त्यात संध्याकाळ झाली.

बाईंच्या आणखी दोन शाखा हलवायच्या होत्या. ते काम मात्र दुसऱ्यांकडे गेलं. “तुम्ही खरं बोललात, त्याबद्दल राग नाही,” त्यांनी वहिनींना सांगितलं. “पण ती चाळीस मिनिटं मला पुन्हा नकोत.”

 तिसऱ्या दिवशी दीर वहिनींच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. एका दंतवैद्याचा दवाखाना हलवायचा होता.

“जागा बघायला याल का, वहिनी? मी मापं घेतो, तुम्ही लिहून घ्या.”

“लिहायचंही तुम्हीच, भाऊजी. मी नुसती विचारत जाईन.”

त्याला ते रुचलं नाही, हे दिसतच होतं. तरी बरं म्हणाला आणि खणात पेन शोधू लागला.