तळणीच्या तेलावर पळालेला डॉक्टर

साठेक वर्षांपूर्वी नूर्डवेन गावात चर्चपुढच्या मैदानावर एका शनिवारी दुपारी अख्खं गाव लोटलं होतं. मधोमध तांबूस रंगाची चकचकीत मोटार. तिच्यात नेहमीचं इंजिन नव्हतं, जेट विमानात असतं तसं गरगर फिरणारं टर्बाइन होतं. एका मोठ्या कंपनीनं अशा मोजक्या गाड्या लोकांना तीन-तीन महिने फुकट वापरायला दिल्या होत्या, आणि त्यातली एक डॉक्टर पेंबरच्या वाट्याला आली होती. 'डॉक्टर' ही पदवी त्यानं स्वतःच स्वतःला दिलेली असल्यामुळे ती परत मागणारं कुणी नव्हतं.

पेंबरनं रिकाम्या टाकीत तो सर्व रोगांवर विकायचा त्या 'ज्योतिरसा'च्या बाटल्या ओतल्या. किल्ली फिरवली. गाडी घूंऽऽ करत सुरू झाली. प्रार्थनेतसुद्धा आवाज न चढवणाऱ्या त्या मंडळींनी चक्क टाळ्या वाजवल्या.

"मायबापहो, निर्जीव लोखंडात या रसानं प्राण फुंकला! मग तुमच्या हाडामांसात नाही फुंकणार? संधिवात घ्या, मूळव्याध घ्या, मधुमेह घ्या!"

घ्यायला कुणी तयार नव्हतं, पण माना डोलल्या.

"पंपावरचं पेट्रोल घालू नका, असं खुद्द कंपनी सांगते. का? तर ते विष! रसाखेरीज जगातलं काहीही घाला, ही गाडी हूं की चूं करणार नाही!"

गर्दीत उभा असलेला हार्म त्याच कंपनीच्या टर्बाइन विभागात फिटर होता. सुट्टीला बहिणीकडे आला होता. त्याचं लक्ष मात्र गाडीकडे नव्हतं. नऊ वर्षांची मधुमेही भाची मिना पाण्याचा पाचवा पेला तोंडाला लावत होती आणि तरीही तिचे ओठ कोरडे ठक्क पडले होते.

"ताई, हिला इन्शुलिनची सुई कधी टोचलीस?"

"गुरुवारी," गेर्डा म्हणाली.

"अगं, आज शनिवार आहे! मरेल ना पोर!"

"ओरडू नकोस. डॉक्टर म्हणाले, रस चालू असताना सुई म्हणजे अविश्वास." गेर्डानं मिनाला जवळ ओढलं. "दोन वर्षं मी पोरीच्या मांडीत सुया खुपसतेय, हार्म. आधी ती रडते, मग मी रडते. लोखंड पळतं याच्यावर. माझी मिना नाही का पळणार?"

हिच्याशी वाद घालून उपयोग नव्हता. हिनं डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणजे डोळ्यांनीच दाखवायला हवं होतं.

तो तडक चर्चच्या स्वयंपाकघरात गेला. वीत्स्केकाकू मनुका घातलेले कणकेचे गोळे तळून दमल्या होत्या आणि गुणगुणत होत्या. त्या गावच्या दारूबंदी मंडळाच्या अध्यक्ष. महिनाभर ज्योतिरस घेत होत्या, तेव्हापासून फार प्रसन्न असत.

"काकू, सकाळचं गार झालेलं तेल नेऊ?"

"ने की. पण भांडं परत आण हो!"

हार्म गाडीपाशी गेला, इंजिन बंद केलं, टाकीखालचं बूच काढून रस बादलीत सोडून दिला.

"ए, ए! काय चाललंय?" पेंबर धावला.

"काहीही घाला म्हणालात ना? घालतोय."

तेल गाळून टाकीत गेलं. हार्मनं किल्ली फिरवली. इंजिन तापलेलंच होतं, घूंऽऽ करत चालू झालं. पाच मिनिटं झाली, दहा झाली, थांबायचं नाव नाही. मागच्या नळीतून तळणीचा खमंग वास मैदानभर पसरला. दोघंतिघं नकळत जेवणाच्या टेबलाकडे वळली.

"रसाचा अंश उरला असेल आत!" पेंबर म्हणाला.

"असेल बुवा. मग तो अंशही तपासू."

एव्हाना भांडं परत न्यायला वीत्स्केकाकूही आल्या होत्या. हार्मनं नवी बाटली बशीत ओतली आणि काडी लावली. हाताच्या आडोशाला निळी ज्योत नाचली.

"दारू आहे, काकू. पेपरमिंट घातलेली."

प्रवचन ऐकताना पेपरमिंटची गोळी चघळायची, ही नूर्डवेनची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. त्या वासाला इथं देवाधर्माचा वास म्हणत. संशय घेणार कोण?

"म्हणजे... प्रवचनात मला भरून यायचं, ते?" काकूंनी विचारलं.

"तेच."

काकूंनी फुंकर मारून ज्योत विझवली.

"जे पेटतं ते हे टर्बाइन जाळतं," हार्म म्हणाला. "रॉकेल, अत्तर, तेल, काहीही. पंपावरच्या पेट्रोलात शिसं असतं, ते पात्यांना चिकटतं, म्हणून तेवढं नको. गुण इंजिनाचा आहे, रसाचा नाही."

गेर्डा अजून गाडीकडेच बघत होती. मिनानं तिचा हात ओढला.

"आई, मग आता मला तळणीचं तेल पाजणार?"

गेर्डानं हंबरडा फोडला आणि पोरीला उचलून घराकडे धावली. या गोंधळात पेंबरनं गाडी पळवली. तळणीच्या तेलानं त्याला गावाच्या वेशीबाहेर सुखरूप पोचवलं. चमत्कारच म्हणायचा तर हा.

हार्मनं फोन करून खरा डॉक्टर बोलावला. तोवर गेर्डानं काचेची सिरिंज आणि सुई उकळली.

"आई, मी नाही रडत," मिना म्हणाली. "तूच रडतेयस."

"रडू दे मला," गेर्डा म्हणाली, आणि तिनं सुई टोचली.

पोरगी वाचली. तर मंडळी, पुन्हा कुणी बाटलीतून चमत्कार ओतून दाखवला, तर टाळ्या वाजवण्याआधी एवढंच करा: त्याच जागी घरचं तळणीचं तेल ओतून बघा.