अननसाची बाटली

“हे पाणी विकलंस तू मला,” असं म्हणत गोटीरामने इसेन्सची बाटली महेशच्या काउंटरवर ठेवली.

केकच्या सामानाच्या या दुकानात भांडायला तो सायखेड्याहून एसटीने खास नाशिकला आला होता. शेती मुलाकडे सोपवल्यापासून गोदाकाठी गळ टाकून बसणं, एवढाच त्याचा उद्योग. रोहू माशासाठी तो करायचा तो आमिषाचा गोळा गावात नावाजलेला. कणीक, शेंगदाण्याची पेंड, चिमूटभर हिंग आणि वरून अननसाचा इसेन्स. मोजमापाची भानगड नाही, गोळा नाकाशी धरायचा आणि नाक म्हणेल तेव्हा थांबायचं. नाकाच्या बाबतीत माणूस भलताच गर्विष्ठ होता.

पण मागच्या तापातून उठल्यापासून एक मासा गळाला लागेना. इसेन्सला वासच नव्हता. त्याने थेंबांऐवजी चमचाभर ओतला, मग अर्धी बाटली. शेजारी गळ टाकून बसणारा कुंदन म्हणाला, “आण्णा, लय उग्र झालंय. मासा पार पल्याडच्या काठाला पळंल.” पोरगं जळतंय, असं समजून गोटीरामने उरलेली बाटलीही रिकामी केली आणि दुसरी आणली. तीही तशीच निघाली.

महेशने बूच काढून वास घेतला. “काका, चांगला घमघमतोय की.”

“कुठं घमघमतोय? मला तर नाय येत.”

साच्यांच्या फळीपाशी उभी असलेली एक बाई तिथूनच म्हणाली, “अननस ना? इथपर्यंत येतोय.”

गोटीराम गोंधळला. ही बाई दुकानदाराच्याच बाजूची असावी, असं त्याला वाटलं. पण तिला कशाला खोटं बोलायचंय, असंही वाटलं. महेशने आत जाऊन हिंगाची डबी आणली आणि उघडून त्याच्यापुढे धरली. गोटीरामने नाक खुपसून श्वास ओढला. आत नुसती हवा गेली.

“हा पण भेसळीचा,” तो म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

“डॉक्टरला दाखवा, काका,” महेश हळूच म्हणाला.

परतीच्या एसटीत त्याने तंबाखूची पुडी हुंगली, शर्टाची बाही हुंगली. शेजारणीच्या कोथिंबिरीच्या जुडीकडे वाकला, तेव्हा तिने पिशवी पलीकडे घेतली. नाक गेलं म्हणावं, तर ते जागेवर होतं, दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. सगळ्या जगाने मिळून भेसळ केली म्हणावं, तर तेही पटेना. त्याला भीती वाटली.

घराच्या उंबऱ्यावर तो चप्पल काढायला थांबला. आत कुसाबाई भाकरी थापत होती. लग्नापासून दोघांचा एक खेळ होता. ती आतून विचारायची, “सांगा, काय केलंय?” आणि तो दारातूनच अचूक ओळखायचा. तापातून उठल्यापासून तिने एकदाही विचारलं नव्हतं. हे त्याच्या आत्ता लक्षात आलं.

“मेथी केलीय,” तो आपणहूनच म्हणाला.

थापण्याचा आवाज थांबला.

“बरोबर,” कुसाबाई म्हणाली.

तिने ताट वाढलं. ताटात वांग्याचं भरीत होतं. त्याने तिच्याकडे पाहिलं. ती तव्यावरच्या भाकरीकडे पाहत होती. त्याने घास घेतला, सावकाश चावला.

“मेथी चांगली झालीय,” तो म्हणाला. “अजून वाढ थोडी.”

कुसाबाईने पदराने डोळे टिपले आणि त्याच्या ताटात भरीत वाढलं.