पांढरा गोटा

बाळ रडलंच नाही. श्वास न घेतलेल्या बाळाला बाप्तिस्मा देता येत नाही आणि बाप्तिस्म्याशिवाय आदिपाप धुतलं जात नाही. जगात एक घटका न काढलेल्या पोरीच्या माथी आदमचं पाप! पण आयर्लंडमधल्या कॉनेमाराच्या त्या किनाऱ्यावर तेव्हा हा हिशेब पक्का होता. अशा बाळांना ना स्वर्ग, ना नरक. मधल्याच कुठल्याशा अंधुक जागी ती कायमची राहायची. देवळाच्या आवारात त्यांना माती मिळत नसे. दिवस मावळल्यावर बापानं गुपचूप समुद्राकाठच्या किलीनमध्ये पुरून यायचं, आईनं जायचं नाही आणि विचारायचंही नाही.

डेलियानं विचारलं नाही. नवरा माकदारा घरी आला, हात धुतले आणि बटाट्यांच्या ताटासमोर नुसता बसून राहिला.

किलीन म्हणजे खुरट्या गवतातले बिननावाचे पांढरे गोटे. कोणता गोटा कुणाचा, ते फक्त बापांना ठाऊक. डेलियानं आपल्या मनानं एक निवडला, काटेरी झुडपापाशी वाऱ्यापासून जरा आडोशाला असलेला. पुढे मूल झालंच नाही. गाय हिंडवायच्या निमित्तानं ती तिथे जायची आणि पोरीशी बोलायची, कारण घरात बोलायला दुसरं होतं कोण? माकदारा एकदाही सोबत आला नाही. आईच्या कबरीवरचं गवत मात्र तो गुडघ्यांवर बसून बोटांनी उपटायचा.

"मेलेल्या आईचे पाय अजून चेपतोयस!" डेलिया कडाडायची. त्या सासूनं तिला जगणं नकोसं केलं होतं. "पोटच्या पोरीसाठी दोन पावलं टाकवत नाहीत?"

"चहा टाक," माकदारा म्हणायचा.

मिस्साला तो मागच्या दाराशी उभा राहायचा, ख्रिस्तप्रसाद घ्यायचा नाही. गाव हसायचं. मागच्या हिवाळ्यात तो गेला आणि त्याला आईच्याच कबरीत ठेवलं.

आता नवे फादर आले होते. या बाळांबद्दल आशा धरायला हरकत नाही, असं धर्मसभा आता म्हणते, त्यांनी सांगितलं. रविवारी ते किलीनला आशीर्वाद देणार होते, आयांनी आपापल्या गोट्यापाशी उभं राहायचं होतं. डेलियाला तर आपला खरा गोटा ठाऊकच नव्हता. बाळ पुरायच्या संध्याकाळी माकदारासोबत कंदील धरायला धाकटा दीर फेस्टी गेला होता. ती त्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

"कोणता गोटा, फेस्टी?"

"बस, वहिनी."

"बसायला नाही आले. परक्याच्या पोरापाशी उभी राहिले तर माझ्या पोरीला काय वाटेल?"

फेस्टीनं टोपी काढली. "ती किलीनमध्ये नाहीच. आईच्या कबरीत आहे. आम्हीच उकरली. दादा म्हणाला, माझी पोर कुंपणाबाहेर राहणार नाही, पाप लागलं तर मला लागेल. मागच्या हिवाळ्यात त्याच्यासाठी खणताना पोरीची पेटी दिसली. बाकीच्यांना चहाला पिटाळलं आणि ती त्याच्या शेजारी ठेवली."

डेलिया खाली बसली. "आणि मला?"

"तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, वहिनी! शनिवारी पापनिवेदनाला गुडघे टेकलेस की सगळं ओकली असतीस. तेव्हाचे फादर म्हणाले असते, आधी बाहेर काढा, मग माफी."

सांगितलं असतं. तिला ते पक्कं माहीत होतं.

"त्यानं तरी मरताना फादरना सांगितलं का?"

"नाही. म्हणाला, पश्चात्ताप होतच नाही, मग माफी कुठल्या तोंडानं मागू?"

रविवारी सारा गाव किनाऱ्यावर गेला. डेलिया एकटीच देवळामागे गेली. वाऱ्यावर तुटक तुटक प्रार्थना ऐकू येत होती. माकदारा गेल्यापासून कबरीवर गवत माजलं होतं. ती गुडघ्यांवर बसली आणि बोटांनी ते उपटू लागली. पोर इथे होती, आजीपाशी, बापापाशी. तिला आनंद झाला, खरंच झाला, आणि त्याच्याच मागून असा संताप आला की हात थांबेनात.

"पोरीला बाहेर ठेवलं नाहीस, माकदारा," ती म्हणाली. "मला ठेवलंस."